पाचव्या ठिकाणची माती

शमीम, तुझ्या शोकसभेत मला तुझा राग आला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. तोच, ज्यात उन्हामुळे तू एक डोळा बारीक केलायस. डायरेक्टर साहेब होते, चहा-बिस्किटं होती, आणि पुढच्या दोन रांगांत पलवलच्या पलीकडून दोन बस बदलून आलेली माणसं होती. सतरा जण. मी मोजले. माझ्या शोकसभेला किती येतील तेही मी तिथंच बसून मोजलं, आणि ड्रायव्हरला धरूनही आकडा काही चारच्या वर जाईना. माणूस गेलं की त्याच्याविषयीचा हेवाही जातो असं मी समजून होते. माझा कुठंही गेलेला नाही, आहे तिथंच आहे.

मग रामफलजी उठले. त्यांच्या शेतापासूनच आपलं ते सगळं प्रकरण सुरू झालं होतं, त्यामुळे गावाच्या वतीनं बोलायचा मान त्यांचा. माईक दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "हमारी ज़मीन सफ़ेद हो गई थी। मैडम ने ज़मीन के नीचे पाइप डलवाए, तब जाके गेहूँ हुआ।" हॉलमध्ये नाकं पुसल्याचे आवाज आले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. कारण ते पाइप मी टाकून घेतले होते, शमीम. दोन वर्षं मी त्यासाठी चपला झिजवल्या. हे तुला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आता तू गेल्यावर ते माहीत असणारी मी एकटीच उरले होते, आणि स्वतःची साक्ष स्वतः देणाऱ्याला कोण विचारतं?

त्यांच्यानंतर माझं नाव पुकारलं गेलं. उठताना मनात ठरवलं होतं की सगळ्यांसमोर, अगदी सौम्य शब्दांत, एवढी एक दुरुस्ती करायची. माईकपाशी गेल्यावर तुझा तो बारीक केलेला डोळा समोर आला. मी म्हणाले, शमीम फार मनमिळाऊ होती. एकोणीस वर्षं एका प्रयोगशाळेत घालवल्यावर मला तुझ्यासाठी सुचलेला शब्द हा. तू ऐकला असतास तर दिवसभर माझी टर उडवली असतीस.

एकोणीस वर्षांपैकी पहिल्या आठवड्यातच मला तुझा हेवा वाटायला लागला होता. दिवससुद्धा सांगते. मी पुण्याहून नवीकोरी पदवी घेऊन दिल्लीला आले होते आणि तुझ्याबरोबर मला पहिल्यांदा शेतावर पाठवलं होतं. माझ्याकडे पिशव्या, लेबलं, मोजपट्टी, छापील तक्ता असं सगळं होतं. तू गावात शिरलीस ती थेट एका बाईच्या चुलीपाशी जाऊन बसलीस आणि तिला विचारलंस, चूल लिंपायला माती कुठून आणता? तिनं सांगितलं. मग तू विचारलंस, आणि कुठून आणत नाही? ती म्हणाली, त्या तिकडच्या कोपऱ्यातून नाही, तिथल्या मातीचा लेप टिकत नाही, चार दिवसांत झडतो. तू उठलीस, त्या कोपऱ्यात गेलीस, चपला काढून अनवाणी चाललीस. वरचा पापुद्रा पायाखाली मऊ फुटत होता. परतताना गाडीत तू मला म्हणालीस की मीठ आहे, मोकळं मीठ, खाली पाणी वर आलेलं असणार. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. तीन दिवसांनी माझ्या यंत्रांनी, माझ्या गाळणकागदांनी आणि माझ्या छापील तक्त्यानं जे सांगितलं, ते तू चपला हातात घेऊन आधीच सांगून बसली होतीस.

तेव्हापासून आपली वाटणी झाली. तू शेतात, मी प्रयोगशाळेत. तू माती आणायचीस, मी तिचा रिपोर्ट करायचे. सही माझी असायची आणि लोक तुला ओळखायचे. तुझ्या टेबलावर गावोगावहून गूळ यायचा, मोहरीची भाजी यायची, एकदा तर जिवंत कोंबडी आली. माझ्या टेबलावर फायली यायच्या. प्रमोशन मला आधी मिळालं, परदेशातल्या परिषदेला मी गेले, पेपर माझे छापून आले. त्या प्रत्येक वेळी तू मनापासून पेढे वाटलेस आणि त्या प्रत्येक वेळी मला वाटलं की हिला माझा थोडासुद्धा हेवा का वाटत नाही. हिरावून घ्यावं असं तुझ्याजवळ जे होतं, ते हिरावता येण्यासारखं नव्हतंच.

आणखी एक कबूल करते, लाज वाटते तरी. तू शिरोळकडची. तुझ्या अब्बांचा नदीकाठचा उसाचा मळा तुझ्या लहानपणीच क्षारपड झाला. पाणी देत गेले, देत गेले, आणि एका उन्हाळ्यात काळी माती पांढरी पडली. ऊस गुडघ्याएवढाच राहिला आणि तुझे अब्बा मिरजेला दुसऱ्याच्या दुकानात कामाला लागले. तू हे सांगितलंस तेव्हा तुझे डोळे भरले होते, आणि मी, शमीम, मी विचार करत होते की म्हणूनच हिला कळतं. मला माती भेटली ती बाटलीत. सदाशिव पेठेत कुंडीत तुळस होती, तेवढीच काय ती आमची जमीन. तुझ्या घरावर आलेल्या संकटाचासुद्धा मी हेवा केला. याहून खाली माणूस जाऊ शकत नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं, जाऊ शकतो.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसच्या कँटीनमध्ये आपण महिन्यातून एका शनिवारी जायचो. मी नोएडाहून मेट्रोनं, तू फरीदाबादहून झोयाला घेऊन. दिल्लीत पोटभर मराठी बोलायची आपली ती एकच जागा. मिसळ यायची, माझी शेव तू न विचारता तुझ्या वाटीत ओतून घ्यायचीस, आणि आपण भांडायचो. भांडण एकच असायचं, एकोणीस वर्षं. मी म्हणायचे, मोजलेलं तेवढंच खरं. तू म्हणायचीस, कधी मोजलं आणि कुठं मोजलं ते आधी सांग. झोया तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. दिल्लीत वाढलेली पोर, तिला निम्मे मराठी शब्द कळायचे नाहीत. कशावरून तरी मी 'हेवा' म्हणाले, तर तिनं विचारलं, "मम्मी, हेवा मतलब?" तू मिसळीतून मान वर न काढता म्हणालीस, "अनुमावशीला विचार, तिला चांगला अनुभव आहे." मी हसले. ठसका लागल्याचं निमित्त करून पाणी प्यायले. म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं.

आता त्या सप्टेंबरकडे येते, ज्याविषयी आपण दोघी पुन्हा कधी बोललोच नाही.

तुझी आई आजारी होती, तू तीन आठवडे गावी गेली होतीस. रामफलजींनी फोन केला की गव्हाच्या आधी माती तपासून हवी. तुझी वाट बघता आली असती. पण मला वाटलं, जमतं का नाही ते मलाही दिसू दे. गाडी काढली आणि गेले. पावसाळा नुकता उलटला होता, शेत ओलं, छान काळपट दिसत होतं. मी वरची वीतभर माती व्यवस्थित सहा ठिकाणांहून घेतली. रामफलजींच्या बायको, संतोषभाभी, त्याच त्या पहिल्या दिवशीच्या चुलीवाल्या, बांधावर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मैडम तो बरमा लगाती थीं। नीचे पानी आने तक देखती थीं।" बरमा म्हणजे आपलं गिरमिट, तुझं ते लोखंडी, लांब दांड्याचं, जे फिरवत फिरवत तू जमिनीत छातीइतकं खाली न्यायचीस. मी त्यांना सांगितलं की त्याची दर वेळी गरज नसते. तसं सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता.

तुझ्यावरच्या या लेखात माझी चूक लिहायची तर ती नीट लिहिली पाहिजे. मिठानं बिघडलेल्या जमिनीचे दोन आजार असतात, दिसायला सख्खे, औषधं मात्र वेगळी. एकात मीठ मातीत मोकळं फिरत असतं. ते गोड्या पाण्यानं धुऊन खाली ढकलायचं आणि त्या खाऱ्या पाण्याला बाहेर जायला वाट द्यायची. दुसरा आजार चोपण जमिनीचा. तिथं सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसतो, जमीन घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि तिथं जिप्सम लागतं. रामफलजींच्या शेतातलं मीठ पावसानं नुकतंच खाली ढकललं होतं. वरच्या वीतभर मातीत ते मला सापडणार कसं? सामू, म्हणजे पीएच, तेवढा जास्त आला. माझ्या तक्त्यात ती चोपण जमीन ठरली. मी लिहून दिलं, जिप्सम टाका. खाली चार फुटांवर खारं पाणी उभं होतं आणि मी ते बघितलंच नव्हतं. रिपोर्ट तू परत यायच्या आधी रवाना केला, मुद्दाम.

जिप्सम पावसाच्या तोंडावर टाकतात, म्हणून पुढच्या जूनमध्ये त्यांनी त्याच्या गोण्या ओतल्या. त्यांचं बघून शेजारच्या आठ-दहा जणांनीही ओतल्या. त्या हिवाळ्यात गहू उगवला तो जागोजाग टक्कल पडल्यासारखा, आणि एप्रिलमध्ये ऊन तापलं तसं खालचं पाणी वर ओढलं गेलं आणि सगळं शेत पांढरं झालं. गावानं आपल्याला बोलावून घेतलं. तू गाडीतच रिपोर्ट वाचलास, तारीख बघितलीस, खोली बघितलीस, आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवलास.

गावच्या पारावर, चौपालीत, साठेक माणसं होती. आवाज चढलेले. एक जण म्हणत होता की दिल्लीवाले एसीत बसून कागद काळे करतात. खरंच होतं ते. तू पुढं जाऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "ग़लती हमारी है। ये जिप्सम की ज़मीन नहीं थी।" हमारी. मी गाडीच्या दाराला टेकून उभी होते, पंधरा पावलांवर. ती पंधरा पावलं मला चालता आली नाहीत. तुला कोणी काय काय म्हटलं ते मी ऐकलं. तुझ्या कोंबड्या आणि गूळ एका तासात वाहून गेले.

परतताना मी तुला विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीस? तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "नाव घेऊन पाणी खाली जाणार आहे का?" बस. दुसऱ्या कोणी मला असं वाचवलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. तू वाचवलंस म्हणून मला झोप लागली नाही. शिव्या खाण्यातसुद्धा तू माझ्यापुढं गेली होतीस.

मग मी इरेला पेटले. त्या गावाला एकच उपाय होता. जमिनीत माणसाएवढ्या खोलीवर भोकांचे पाइप टाकायचे, त्यांतलं खारं पाणी एका विहिरीत जमवायचं आणि पंपानं उपसून नाल्यात सोडायचं. एकट्याच्या शेतात हे होत नाही, सगळ्यांनी मिळून करावं लागतं. चाळीस खातेदारांच्या सह्या मी गोळा केल्या. दोन भावांचा वाद होता, त्यांच्या मधोमध बसून मी ताक प्यायले. नाल्यात पाणी सोडायच्या परवानगीसाठी कोणत्या दारात किती वेळा उभी राहिले ते सांगत नाही. धुक्यातून गाडी हाकत गेले. गावाच्या लेखी मात्र मी नुसती तुझे कागद पोचवणारी, असंच मला वाटायचं. आणि दर वेळी कागद घेऊन गेले की रामफलजी काय विचारायचे? शमीम मैडम कशा आहेत. मग म्हणायचे, त्यांच्यासारखं माणूस नाही. संतोषभाभी चहा देता देता म्हणायच्या की शमीम मैडम असत्या तर हे काम कधीच झालं असतं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. परत येऊन मी रात्रीचं जेवण सोडून पुढचा कागद तयार करायचे. तू अधूनमधून माझ्या टेबलापाशी यायचीस, फाइल उलटून बघायचीस आणि म्हणायचीस, "बिल्कुल सही जा रही हो." तेही मला टोमण्यासारखं लागायचं.

पंप सुरू झाला त्या दिवशी पाइपांतून पहिलं खारं पाणी विहिरीत पडलं, आणि गावानं पगडी आणली. ती तुझ्या डोक्यावर ठेवली. तू माझ्याकडे बोट दाखवत काहीतरी म्हणत होतीस, पण ढोल इतके जोरात होते की कोणालाच ऐकू गेलं नसावं. फोटो मी काढला. एक डोळा बारीक केलेला तो फोटो, जो आता सगळीकडे लावलाय, तो माझ्या फोनमधला आहे. पगडी दिसू नये म्हणून मी तो वरून कापला होता.

दवाखान्यात तुझ्या उशाशी अकरा दिवस बसले. त्यांतल्या एकाही दिवशी मी म्हणाले नाही की त्या दिवशी चौपालीत तू माझी लाज राखलीस. रोज ठरवून जायचे, आणि रोज नर्स यायची, झोया यायची, किंवा तुला डुलकी लागायची. खरं सांगायचं तर निमित्तं मीच शोधत होते. तू शेवटचं नीट बोललीस ते कामाचं बोललीस. म्हणालीस की एप्रिलमध्ये रामफलच्या शेतातले नमुने चुकवू नकोस, पाइप टाकून झाले म्हणजे काम झालं असं नाही. मी म्हणाले, तू बरी हो, दोघी जाऊ. तू माझ्याकडे बघून हसलीस, अगदी थोडंसं. मला वाटलं दुखतंय म्हणून.

तुझ्या चाळिसाव्याला फरीदाबादला गेले होते. झोयानं खीर वाढली, मग आतून तुझं गिरमिट घेऊन आली. म्हणाली, "मावशी, हे घरात असंच पडून राहील. तुम्ही घेऊन जा ना." दांड्याला तू गुंडाळलेली सायकलची जुनी ट्यूब तशीच होती, तुझ्या हाताच्या घामानं काळी पडलेली. मेट्रोत ते नेऊ देईनात, म्हणून कॅब केली. कॅबवाला सारखा आरशातून बघत होता की या बाईनं मांडीवर काय धरलंय.

परवा मी गेले, शमीम. एकटी. गहू कापून झालाय, शेतं मोकळी आहेत, ऊन असं की डोळे मिटावेत. मी मनाशी दोन गोष्टी ठरवून गेले होते. एक, माती घ्यायची. दुसरी, रामफलजींना आणि भाभींना सांगायचं की ते पाइप माझे होते. रात्री विचार करता करता माझ्या लक्षात आलं होतं की पाइप माझे म्हणायचे तर जिप्समही माझं म्हणावं लागेल. दोन्ही एकाच हाताची कामं. एक घ्यायचं आणि दुसरं तुझ्या नावावर ठेवायचं, एवढा कोडगेपणा माझ्यातही नव्हता. म्हणून ठरवलं, दोन्ही सांगायचं.

रामफलजी मंडीत गेले होते. भाभी अंगणात होत्या, चूल लिंपत होत्या. मी बसले आणि पाणी प्यायच्या आधीच बोलायला लागले. सप्टेंबर, वीतभर माती, माझी सही, तू गावी होतीस, तुला दाखवलंसुद्धा नव्हतं, सगळं. मग पाइपांचं सांगितलं. सह्या, परवानग्या, ते दोन भाऊ. माझं हिंदी मध्येच अडखळत होतं. भाभींचा हात चुलीवरून गोल फिरत होता, तो काही थांबला नाही.

"पता है जी," त्या म्हणाल्या. "काग़ज़ भी आपका था, पाइप भी आपके। मैडम ने उसी साल बता दिया था।"

मी विचारलं, मग इतकी वर्षं एकदाही कसं म्हटलं नाही?

"मैडम ने मना कर रखा था। बोलीं, अनु के आगे मेरी तारीफ़ करना। वो जलती है तो काम बहुत अच्छा करती है।"

तो चहा, ती विचारपूस, 'शमीम मैडम असत्या तर'. चाळीस खातेदारांचं गाव आणि सगळ्यांना तू पढवून ठेवलं होतंस. मी विचारलं, पगडीसुद्धा? भाभींनी मान खाली घातली. म्हणाल्या, ती जरा जास्तच झाली, मैडमही तसंच म्हणाल्या होत्या. मग शोकसभेत रामफलजी? तर म्हणाल्या, "मैडम ने ये तो कहा नहीं था कि कब बंद करना है।"

मी हसले, शमीम. आधी हसले. मग पदर तोंडाला लावून इतकी रडले की भाभींनी मातीच्या हातानंच मला धरलं आणि माझी साडी खराब झाली. तुझ्यावर इतकी चिडले होते की तू समोर असतीस तर मिसळीची वाटी फेकून मारली असती. सगळं जग माझ्यातलं ते कुजकं ठिकाण टाळून चालायचं, मीही टाळायचे. तू मात्र चपला काढून त्यावरून चालून बघितलंस, काय आहे ते ओळखलंस, आणि त्यावर चाळीस कुटुंबांचा गहू काढलास. मला न विचारता. यासाठी तुझे आभार मानू की तुझ्याशी जन्मभराचं भांडण काढू, ते माझं अजून ठरलेलं नाही.

उठताना भाभींनी चुलीवर थाप मारून दाखवली. म्हणाल्या, ही माती त्याच कोपऱ्यातली आहे, मागच्या वर्षीपासून तिथलीच आणतो, लेप झडत नाही. माझ्या सगळ्या यंत्रांच्या आधी मला निकाल कळला होता. चुलीपाशी बसून, तुझ्या पद्धतीनं. मला पुन्हा एकदा तुझा हेवा वाटला, सवयीनं.

मग गिरमिट घेऊन शेतात गेले. दोन ठिकाणी लावलं, छातीइतकं आणि पुढं दांडा पुरेल तेवढं खाली, पाणी लागेपर्यंत. पाणी पहिल्यापेक्षा बरंच खाली गेलंय. तुझ्या ट्यूबवर माझे हात बसत नव्हते, तळव्याला फोड आला. दोन पुरे झाले असं म्हणून मी पिशव्या बांधायला घेतल्या. भाभी बांधावर येऊन उभ्या होत्या, तशाच, त्या सप्टेंबरसारख्या. त्या म्हणाल्या, "शमीम मैडम तो चार जगह लगाती थीं।"

पिशव्या खाली ठेवल्या आणि पुन्हा उन्हात गेले. तिसऱ्या ठिकाणी लावलं. चौथ्या ठिकाणी गुडघे टेकून दांडा फिरवत असताना माझ्या लक्षात आलं की मला परत कामाला लावलंय. वळून बघितलं तर भाभींनी ओढणीचं टोक दातांत धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. तुझीच शिष्या. मी चौथी पिशवी बांधली, चिठ्ठीवर तारीख लिहिली, खोली लिहिली. मग गिरमिट उचललं आणि पाचव्या ठिकाणी गेले, कारण तू चारच लावायचीस.